काम कुणापाशी अडलंय?

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाच्या डेमोत कधीच काही उशिरा होत नाही. पडद्यावर एक नमुना प्रकल्प असतो, बहुतेक वेळा एखाद्या वेबसाइटचा. कामांची कार्डं डावीकडच्या रकान्यातून उजवीकडे सरकतात, पट्ट्या हिरव्या होतात आणि शेवटी गोल आलेखावर शंभर टक्के झळकतात. माल ठरल्या दिवशी न येणं, नमुना चाचणीत नापास होणं, ज्याच्याकडे फाइल आहे तोच माणूस गावच्या जत्रेला गेलेला असणं, यातलं काही त्या पडद्यावर घडत नाही. आमचं निम्मं वर्ष तर यातच जातं.

आम्ही शेतपंपाचे मोबाइल स्टार्टर बनवतो. विहिरीवरच्या किंवा बोअरच्या मोटरला हा डबा जोडला की शेतकऱ्याला घरबसल्या फोनवरून मोटर चालू-बंद करता येते. शेतीची थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. अंधारात बांधावरून जायचा त्रास वाचतो. एखादी फेज गेली किंवा पाणी संपून पंप कोरडा चालायला लागला तर डबा आपणहून मोटर बंद करतो. वस्तू दिसायला साधी. पण प्लॅस्टिकचं कव्हर आहे म्हणजे साचा आला. शिवाय सर्किट बोर्ड, मोडेम, फर्मवेअर, मोबाइल ॲप. आणि हे सगळं दिवाळीच्या आसपास, रब्बी सुरू होताना, दुकानात असावं लागतं. उशिरा तयार झालेल्या स्टार्टरला डीलर सरळ ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो.

याचं वेळापत्रक सांभाळणं हे माझं काम. मी आले तेव्हा ते तीन ठिकाणी नांदत होतं. एक एक्सेल, जिच्या नावात ‘फायनल’ दोनदा होतं. एक मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची फाइल, जी एकाच कॉम्प्युटरवर उघडायची, कारण आम्ही लायसन्सच एक घेतलं होतं. आणि खरं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर, ‘उद्या पाठवतो’ आणि ‘झालंच आहे मॅडम’ यांच्या मध्ये कुठंतरी. सोमवारच्या आढाव्यात आमचे डायरेक्टर विचारायचे, “अडलंय कुठे?” फर्मवेअर, मेकॅनिकल आणि खरेदी अशी तिघं तीन उत्तरं द्यायची, आणि तिन्ही खरी असायची. हे फार अवघड असतं. कुणी खोटं बोलत असतं तर निदान त्याला धरता आलं असतं.

सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि निवड माझ्याकडे आली. मग सगळे करतात तेच मीही केलं: आडव्या ओळीत सॉफ्टवेअरची नावं, उभ्या रकान्यात सोयी, आणि बरोबरच्या खुणा. चार डेमो बघून झाल्यावर तक्त्यात रिकामी जागा उरली नाही. गँट चार्ट? आहे. बोर्ड? आहे. रिपोर्ट? हवे तेवढे. मोबाइल ॲप? अर्थातच. सगळ्यांत सगळं असेल तर तक्ता कशाला करायचा? तो मी बाजूला ठेवला आणि वेगळा प्रश्न विचारायला लागले: हे सॉफ्टवेअर मुळात कुठल्या कामासाठी जन्माला आलं?

याचा उपयोग झाला. हेन्री गँटच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारखान्यांच्या जगात वापरात आला. पर्ट ही पद्धत १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तयार झाली, जिथे असंख्य कंत्राटदार एकमेकांच्या मालावर अवलंबून होते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ ची, डॉसवर चालणारी. तिच्या अंगात हेच जुनं रक्त. याचं होईपर्यंत त्याचं सुरू होणार नाही, हे ती गृहीतच धरते. उलट जिरा २००२ मध्ये सिडनीच्या अटलासियनने काढलं ते सॉफ्टवेअरमधले दोष आणि किरकोळ कामं नोंदवायला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या यूटामध्ये, स्नोबर्डला, सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला होता. २०११ चं ट्रेलो म्हणजे कार्डांची भिंत. या दुसऱ्या घराण्यात काम ज्याच्या हातात आहे तो मनात आणलं तर आज बसून ते संपवू शकतो. कोड लिहिणाऱ्याच्या बाबतीत हे बरंचसं खरंही आहे. साचा बनवणाऱ्याच्या बाबतीत नाही. पोलादाचा ठोकळा यायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतात.

आमच्या टीममध्ये दोन्ही घराणी एका छताखाली राहतात. फर्मवेअरची मुलं दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बोलतात. मेकॅनिकलचा सीनियर इंजिनिअर ‘टी-वन ट्रायल’च्या, म्हणजे साच्याच्या पहिल्या चाचणीच्या, तारखेत बोलतो. साच्याला सव्वादोन महिने लागणार असतील तर स्प्रिंटच्या प्रत्येक बैठकीत त्याने काय सांगायचं? “चालू आहे.” पुढच्या वेळी? “चालू आहे.” एकदा तो वैतागून म्हणाला, “मॅडम, मी ते रेकॉर्ड करून ठेवतो, तुम्ही दर वेळी वाजवा.”

मग आम्ही एक केलं, जे मी कुणालाही करायला सांगेन. डेमोवाल्यांचा नमुना प्रकल्प बघायचं बंद केलं आणि आमच्याच एका फसलेल्या वर्षाची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, हे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून दाखवा.

गोष्ट अशी. आमचा जुना डबा २जी मोडेमवर चालायचा. जिओकडे २जी नाहीच, बाकीच्यांचंही लक्ष ४जीकडे. तेव्हा ४जी कॅट-१ मॉड्यूल घ्यायचं ठरलं. कागदावर हे एका सुट्या भागाची बदली इतकं छोटं काम होतं. पण नव्या मॉड्यूलची बोर्डावरची जागा वेगळी, म्हणून बोर्ड नव्याने आखायचा. जुनी अँटेना ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झसाठी होती; ४जीचा एक महत्त्वाचा बँड २३०० ला आहे, तिथे ती चालेना. नवी अँटेना लांब निघाली आणि कव्हरच्या आतल्या एका रिबला, म्हणजे मजबुतीसाठीच्या पट्टीला, अडायला लागली. म्हणजे रिब काढा.

इथे टूलरूमचं एक साधं तत्त्व आडवं येतं. कव्हरवर नवी रिब हवी असेल तर साच्यातलं पोलाद थोडं आणखी कापायचं, ते सोपं. असलेली रिब घालवायची तर साच्यातली खाच भरायची: वेल्डिंग करा, घासा, पॉलिश करा, पुन्हा ट्रायल. भोसरीच्या टूलरूमचे मालक तयार होते, पण म्हणाले, नक्की माप द्या, एकदाच भरतो. नक्की माप अँटेनावाल्याच्या ड्रॉइंगमधून येणार. ड्रॉइंग नमुन्याची चाचणी झाल्यावर. चाचणी बोर्ड आल्यावर. आणि बोर्डावर लावायची मॉड्यूल आमच्याच स्टोअरमध्ये येऊन पडली होती, पण आवक तपासणीच्या शिक्क्यावाचून ती बाहेर पडत नव्हती. त्या सगळ्या काळात फर्मवेअरच्या बोर्डवर एकामागून एक कार्डं ‘पूर्ण’ होत होती, मेकॅनिकलची एक लांब पट्टी निळीच्या निळी होती आणि खरेदीच्या दृष्टीने माल आलेला होता. तीन उत्तरं, तिन्ही खरी, ती इथली.

ही गोष्ट समोर ठेवल्यावर डेमो एकदम गमतीदार झाले. बोर्डवाल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिब काढणे’ हे कार्ड ‘चालू’ या रकान्यात जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. ते बघून कुणालाही वाटावं की कुणीतरी रात्रंदिवस रिब काढतोय. प्रत्यक्षात त्या कामाला कुणाचा हातसुद्धा लागलेला नव्हता. गँट चार्टवाल्यात साखळी छान दिसली. एक तारीख हलवली की पुढच्या सगळ्या आपोआप सरकल्या. पण पट्टी का सरकली हे लिहायला जागा शोधावी लागली. एका विक्रेत्याने फार समंजसपणे सांगितलं, “मॅडम, यासाठी लेबल लावा.” लेबल लावता येतं, हो. लावणार कोण, आणि न लावलं तर कळणार कुणाला?

तेव्हा मला नेमकं काय हवंय ते कळलं. आमच्या कामाचा मोठा भाग हा काम नसतोच, ती वाट असते. ‘काम चालू’ आणि ‘वाट चालू’ हे दोन वेगळे रकाने हवेत. आणि वाट असेल तर कुणाची आणि कधीपासून, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. बाकीच्या सोयी मग असोत नसोत.

यातून पैशाचा प्रश्न निघाला, आणि तो मला वाटलं होतं त्याहून खोल निघाला. बहुतेक सॉफ्टवेअरचे दर माणशी, दरमहा. काहींची छोट्या टीमसाठी फुकट योजना असते. जिराच्या क्लाउडवर दहा जणांपर्यंत पैसे पडत नाहीत. हे ऐकलं की कुठल्याही अकाउंट्सवाल्याच्या डोक्यात एकच हिशेब सुरू होतो: मोजक्या लोकांना लॉगिन द्या. मग यादी बनते. इंजिनिअर आले, मॅनेजर आले. खरेदीच्या मॅडमना ‘बघायचं असेल तर कुणाच्या तरी स्क्रीनवर बघता येईल’. स्टोअरमधले काका तर यादीच्या जवळपासही नाहीत. पण मॉड्यूलची रील आली की नाही, किती आली, कुठे ठेवली, हे साऱ्या कंपनीत फक्त काकांना माहीत असतं. दर माणशी ठरला की ज्याच्याकडे खबर आहे तोच पहिला बाहेर राहतो. म्हणून मी अट घातली: किंमत काहीही असो, काकांचं लॉगिन धरून मोजायची.

आणि काकांनाच परीक्षक केलं. उरलेल्या पर्यायांपैकी प्रत्येक त्यांच्या फोनवर उघडून दिला आणि म्हटलं, काल काय आलं ते लिहा. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी एका बोटाने टाइप केलं: ‘मोडेम आले. चलनाप्रमाणे नाही, कमी आहेत. मॅडमना सांगितले.’ याहून चांगली नोंद मी इंजिनिअरकडूनही पाहिलेली नाही. एका सॉफ्टवेअरमध्ये तिथवर पोचायलाच त्यांना प्रकल्प, उपप्रकल्प, प्रकार, प्राधान्य असे चार खाने भरावे लागले. त्यांनी फोन मला परत दिला आणि चहाला गेले. दुसऱ्यात नोंद छान झाली, पण आढाव्यासाठी पीडीएफ काढली तर देवनागरी जोडाक्षरांचा चुरा झाला. ‘प्लॅस्टिक’मधला ल एकीकडे, प दुसरीकडे. ऑडिटरपुढे तो कागद कसा ठेवणार? आयएसओ ९००१ च्या ऑडिटमध्ये डिझाइनमध्ये काय बदललं आणि कुणी मंजूर केलं याच्या नोंदी मागतात, आणि त्या वाचता यायला हव्यात ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

गुरुवारचं सांगायचं राहिलं. पुण्याबाहेर हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आमचं ऑफिस बाणेरला, तिथे शनिवार-रविवार बंद. म्हणजे आठवड्यात दोन्हीकडे माणसं जाग्यावर असतील असे दिवस चारच. त्यात खंडेनवमीला टूलरूम बंद, कारण यंत्रांची पूजा. गणपतीत ट्रकवाला नाही. चिनी नववर्षात तिकडचे पुरवठादार गायब. सॉफ्टवेअरने तारखा आपोआप मोजायच्या तर त्याला हे सगळं माहीत हवं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये माणसागणिक आणि कामागणिक वेगळं कॅलेंडर लावता येतं, आणि या बाबतीत त्या जुन्या जाणत्याला तोड नाही. बाकी काही ठिकाणी सुट्टीचे वार सगळ्यांना मिळून एकदाच ठरवायचे असतात. सुरुवातीला मला हा मोठा दोष वाटला. नंतर वाटलं, टूलरूमची तारीख यंत्राने मोजायचीच कशाला? फोन करावा, मालकांना विचारावं, ते सांगतील ती लिहावी. त्यांच्या तोंडची तारीख चुकली तर निदान कुणाशी बोलायचं ते माहीत असतं.

डायरेक्टरना मात्र डॅशबोर्ड हवा होता, आणि त्यावर ‘किती टक्के झालं’ हा आकडा. मी यावर शेवटपर्यंत भांडले. टक्के ही कामाची सर्वांत निरुपयोगी मोजणी आहे. कुठलंही काम पहिल्या आठवड्यात सत्तर टक्के होतं, दुसऱ्यात नव्वद, आणि मग नव्वदवर मुक्काम करतं. रिब भरलेला साचा पॉलिश व्हायचा बाकी असेल तर तो किती टक्के झाला? ट्रायलला त्यातून कव्हर पडेपर्यंत तो शून्य आहे.

शेवटी आम्ही दोन गोष्टी ठेवल्या. फर्मवेअर आणि ॲपवाली मुलं जिथे कोड ठेवतात त्या गिटलॅबमध्येच त्यांची कामं राहिली. तिथे कोडबरोबर ‘closes’ आणि कामाचा नंबर लिहिला की कोड मुख्य शाखेत गेल्यावर काम आपोआप बंद होतं. ती सोय काढून घेणं म्हणजे चालत्या गाड्याला खीळ. बाकी सगळ्या उत्पादनासाठी रेडमाइन घेतलं, आमच्याच सर्व्हरवर. २००६ पासून चालत आलेलं, मुक्त स्रोताचं, दिसायला सरकारी अर्जासारखं. ॲपच्या मुलांनी ते बघून तोंडं वाकडी केली. पण त्यात कामाच्या अवस्था आपल्या आपण ठरवता येतात, आणि अमुक अवस्था निवडली की तमुक खाना भरलाच पाहिजे अशी सक्तीही करता येते. आम्ही ‘वाट’ ही अवस्था केली. ती निवडली की ‘कुणाची’ हा खाना भरल्याशिवाय पान पुढे जात नाही. एका कामाला दुसरं काम अडवतंय असं जोडलं की दुसरं संपेपर्यंत पहिलं बंदच करता येत नाही. अँटेनाचं ड्रॉइंग न येता रिब ‘पूर्ण’ दाखवण्याचा मार्ग संपला. लॉगिन कितीही द्या, माणशी पैसे नाहीत. काका पहिल्याच दिवशी आत आले.

फुकटातलं फुकट नसतं हेही लिहिलं पाहिजे. सर्व्हर सांभाळणं, बॅकअप, नव्या आवृत्त्या चढवणं हे आमच्या आयटीच्या मुलाच्या गळ्यात पडलं आणि त्याचे अधूनमधूनचे शनिवार त्यात जातात. त्याचे तास धरले तर भाड्याने मिळणारं एखादं सॉफ्टवेअर स्वस्तही पडलं असतं. तरीही डेटा आपल्या घरात असावा हा माझा आग्रह होता. अटलासियनने २०२१ मध्ये जिराच्या सर्व्हर आवृत्तीची नवी विक्री थांबवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा सपोर्ट संपवला. त्यांनी तीन वर्षं आधी कळवलं होतं आणि धंदा म्हणून त्यांचं बरोबरच असेल. पण आमचा स्टार्टर शेतात आठ-दहा वर्षं चालतो. सातव्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर एखादा रेझिस्टर वेगळाच का, हे शोधायला जावं तर उत्तर कुठल्या तरी कामाखालच्या चर्चेत असतं. एक्सपोर्ट करून सीएसव्ही फाइल हातात येते, पण तिच्यात कामांची नावं आणि तारखा असतात. खालचा वाद आणि चिकटवलेला फोटो सहसा नसतो. मला जपायचा आहे तो वादच.

सोमवारच्या आढाव्यात आता डॅशबोर्ड नाही. पडद्यावर एकच यादी असते: ‘वाट’ अवस्थेतली सगळी कामं, सर्वांत जुनी सर्वांत वर, समोर ‘कुणाची’. पहिल्याच महिन्यात यादीच्या डोक्यावर साच्याच्या आगाऊ रकमेची मंजुरी होती आणि समोर डायरेक्टरांचं नाव. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग अकाउंट्सला फोन लावला. त्यानंतर त्यांनी डॅशबोर्डचा विषय काढलेला नाही. ॲपची मुलं मात्र दर काही महिन्यांनी नवं, देखणं काहीतरी घेऊन येतात. मी त्यांना म्हणते, मोडेमची गोष्ट यात लिहून दाखवा. एकाने खरंच लिहून दाखवली, आणि ते सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. पुढच्या उत्पादनाच्या वेळी त्याचा विचार करू असं ठरलंय.

सध्या वाद आहे तो टूलरूमला लॉगिन द्यायचं का यावर. डायरेक्टर म्हणतात द्या, आपले फोन वाचतील. खरेदीच्या मॅडम म्हणतात मुळीच नको. बोर्ड उशिरा येतोय हे त्यांना दिसलं की ते आपला साचा खाली उतरवतील आणि दुसऱ्याचा चढवतील. मला मॅडमचं म्हणणं पटतं, जरी माझ्याच तत्त्वात ते बसत नाही. मालकांना मी सहज विचारलं, तुम्हाला हवंय का? मशीनच्या आवाजात त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, “पासवर्ड-बिसवर्ड राहू द्या मॅडम. ड्रॉइंग तेवढं बुधवारी पाठवा, गुरुवारी मी नसतो.”